अठ्ठेचाळिसाव्या वर्षी व्यायाम सुरू करावा का, आणि कसा

प्रश्न विचारणारे गृहस्थ ४८ वर्षांचे आहेत. राहणार बडोद्यातल्या मांजलपूरचे, नोकरी मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात हिशेबाची, म्हणजे दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीवर. वडिलांना ५४ व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला होता. यांचा स्वतःचा रक्तदाब हल्ली १३८/८८ च्या आसपास भरतो आणि साखर ‘बॉर्डरवर’ असल्याचे डॉक्टरांनी सांगितले आहे. रोज जिमला जाणारा त्यांचा एक सहकारी मध्यंतरी व्यायाम करतानाच कोसळला आणि गेला, तेव्हापासून घरचे म्हणत आहेत की या वयात जिवाला तोशीस नको. त्यांनी विचारले आहे की, या वयात व्यायामाने हृदयाचे खरोखर भले होते की ते झिजते, कमाटीबागेत रोज अर्धा तास चालणे पुरेसे आहे का, नवरात्रात नऊ दिवस गरबा खेळावा की खेळू नये, आणि ४५ वर्षांच्या पत्नीलाही हेच सगळे लागू आहे का.

मी बडोद्यात हृदयरोगाचा डॉक्टर आहे. ट्रेडमिलवरच्या तपासण्या (फिरत्या पट्ट्यावर चालवून हृदय तपासणे) आणि झटका येऊन गेलेल्या रुग्णांना पुन्हा हिंडते-फिरते करणे, ही दोन्ही कामे मी बरीच वर्षे करीत आलो आहे. त्या अनुभवावरून एक गोष्ट आधी सांगतो. तुमचा खरा प्रश्न व्यायाम चांगला की वाईट हा नाही. तुमच्या शरीराला रोज जेवढ्या श्रमाची सवय आहे आणि एखाद्या दिवशी तुम्ही त्याच्याकडून जेवढे श्रम अचानक मागता, या दोहोंतले अंतर किती, हा तो प्रश्न आहे. धोका त्या अंतरात असतो आणि नियमित व्यायाम नेमके तेच अंतर कमी करतो. अर्थात प्रत्यक्ष तपासल्याशिवाय तुमच्यासाठी नेमके किती आणि कसे, हे कोणीच सांगू शकणार नाही. तुमच्या रक्तवाहिन्यांची आजची स्थिती, चालू असलेली औषधे, वजन, गुडघे, तंबाखूची सवय यांवर पुष्कळ काही अवलंबून आहे. म्हणून पुढचे विवेचन दिशा म्हणून वाचावे, औषधाची चिठ्ठी म्हणून नव्हे.

हृदय झिजण्याची भीती पुष्कळांच्या मनात असते. हृदयाचे ठोके जन्मतःच मोजून मिळालेले असतात आणि पळापळ केली की ते लवकर संपतात, असे शिकलीसवरलेली माणसेही मला सांगतात. हिशेब तुमच्याच पेशातला आहे, म्हणून मांडून दाखवतो. समजा, बसलेल्या अवस्थेत तुमची नाडी मिनिटाला ७८ आहे आणि झपाझप चालताना ती १२० होते. अर्ध्या तासाच्या चालण्यात सुमारे १,२६० ठोके जास्तीचे खर्च झाले. पण काही महिने नियमाने चालल्यावर विश्रांतीची नाडी ६८ वर आली, तर दिवसाच्या उरलेल्या साडेतेवीस तासांत १४,१०० ठोके वाचतात. नाडी उतरते याचे कारण असे की सरावलेले हृदय एका ठोक्यात अधिक रक्त बाहेर ढकलते आणि स्नायूही आलेल्या रक्तातून प्राणवायू अधिक चांगला ओढून घेऊ लागतात. तेवढ्याच कामाला कमी ठोके पुरतात.

दुसरा फायदा रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला होतो. रक्ताचा प्रवाह वाढला की हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडते, त्यामुळे वाहिनी सैल होते आणि रक्तदाब उतरतो. ज्यांचा दाब वाढलेला आहे त्यांच्यात नियमित चालण्या-पळण्याने वरचा आकडा साधारण ५ ते ८ अंकांनी खाली येतो. तुमच्या १३८ मधून एवढे वजा केले तर तुम्ही कोठे पोहोचता, ते पाहा. साखरेच्या बाबतीत चाललेल्या स्नायूला इन्शुलिन कमी पुरते, पण हा परिणाम एक-दोन दिवसच टिकतो. म्हणून आठवडाभर बसून रविवारी दोन तास घाम गाळण्यापेक्षा एक दिवसाआड का होईना, पण नेमाने चालणे साखरेसाठी अधिक कामाचे आहे. रक्तातली ट्रायग्लिसराइड्स ही चरबी उतरते, चांगले कोलेस्टेरॉल किंचित वाढते. वाईट कोलेस्टेरॉल मात्र नुसत्या व्यायामाने फारसे हलत नाही. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण व्यायाम सुरू केला म्हणून कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी परस्पर बंद करणारे रुग्ण मला वारंवार भेटतात. व्यायामाने वाहिनीतला ब्लॉकेज विरघळत नाही. रक्तात गुठळी होण्याची प्रवृत्ती कमी होते आणि एकूण धोका उतरतो, पण आधीच साचलेला थर फुटू नये याची काळजी औषधांनाच घ्यावी लागते.

मध्यमवयाचा मुद्दा येथे येतो, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वर्षानुवर्षे बैठे काम केले की हृदयाचा डावा कप्पा ताठर होत जातो. न वापरता कोपऱ्यात पडून राहिलेल्या चामड्याच्या पट्ट्यासारखी त्याची लवचीकता जाते. असा कप्पा दोन ठोक्यांच्या मध्ये नीट सैल होत नाही, पुरेसा भरत नाही, आणि म्हातारपणी जो हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदय कामाला अपुरे पडणे, दिसतो, त्यातला एक मोठा प्रकार याच वाटेने येतो. अमेरिकेतील डॅलस येथे बेंजामिन लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४५ ते ६४ वयोगटातील निरोगी, पण बैठ्या माणसांना दोन वर्षे शिस्तीने व्यायाम करायला लावून त्यांच्या हृदयाची प्रत्यक्ष मापे घेतली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता १८ टक्क्यांनी वाढली आणि डाव्या कप्प्याचा ताठरपणा सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाला. त्याच काळात योगासने, तोल सांभाळण्याचे व्यायाम आणि हलकी वजने एवढेच करणाऱ्या दुसऱ्या गटात असा बदल दिसला नाही. त्याच मंडळींच्या आधीच्या कामात, सत्तरीच्या आसपास पहिल्यांदा व्यायामाला लागलेल्यांचा दम वर्षभरात वाढला, ताठरपणा मात्र फारसा हलला नाही. म्हणजे पंचेचाळीस ते साठ या वर्षांत जे साधते, ते पुढे तितकेसे साधत नाही. तुम्ही ४८ व्या वर्षी हा प्रश्न विचारता आहात, ही वेळ उशिराची मुळीच नाही, पण आणखी दहा वर्षे थांबण्यासारखीही नाही.

याच डॅलसमध्ये १९६६ साली विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहायला सांगितले होते. तीस वर्षांनी, पन्नाशीत, त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. तीन आठवड्यांच्या पडून राहण्याने त्यांची क्षमता जेवढी घटली होती, तेवढी तीस वर्षांच्या वाढत्या वयानेही घटलेली नव्हती, आणि सहा महिने हळूहळू वाढवत नेलेल्या व्यायामाने वयामुळे गेलेली क्षमता भरून निघाली. माणसे पाचच होती, म्हणून यावर फार मोठा इमला उभारू नये. पण ‘वय झाले’ म्हणून आपण जे वयाच्या खात्यावर टाकतो, त्यातले पुष्कळसे बसून राहण्याच्या खात्यावरचे असते, हे माझ्या रोजच्या कामातही मला दिसते. बैठ्या कामाचा आणि हृदयाचा संबंध त्याहीआधी दाखवला गेला होता. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरच्या नोकरांचा अभ्यास मांडला, त्यात दिवसभर जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांपेक्षा दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार अधिक आढळला. आपल्याकडे तर हा आजार लवकर गाठतो. इंटरहार्ट या ५२ देशांतील अभ्यासात भारतीय उपखंडातील रुग्णांचे पहिल्या झटक्याचे मध्य वय ५३ निघाले, इतर देशांत ते सुमारे ५९ होते.

आता तुमच्या सहकाऱ्याविषयी. त्यांचे कागद पाहिल्याशिवाय त्यांना काय झाले हे मी सांगणार नाही, ते योग्यही नव्हे. सर्वसाधारणपणे एवढे सांगता येते की पस्तिशीच्या पुढे व्यायाम करताना आलेला मृत्यू बहुधा आधीच आत दबा धरून बसलेल्या कॉरोनरी, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांच्या, आजारामुळे होतो. श्रम हे त्याचे मूळ नसते, निमित्त असते. ते निमित्त किती जड पडते, यावर १९९३ साली अमेरिकेत बाराशेहून अधिक झटक्याच्या रुग्णांना विचारून एक अभ्यास झाला होता. जबर श्रमानंतरच्या एका तासात झटका येण्याचा धोका, ज्यांना व्यायामाची सवयच नव्हती त्यांच्यात, एरवीच्या तुलनेत १०७ पट वाढला होता. आठवड्यातून पाच किंवा अधिक वेळा व्यायाम करणाऱ्यांत तोच धोका अवघा २.४ पट होता. कोणत्याही एका तासात झटका येण्याची शक्यता मुळातच अत्यंत कमी असते, त्यामुळे १०७ पट होऊनही ती कमीच राहते. तेव्हा या आकड्याने हादरून जाऊ नका. पण १०७ आणि २.४ या दोन आकड्यांत तुमच्या घरच्यांच्या सल्ल्याचे उत्तर आहे. त्यांच्या सांगण्याप्रमाणे तुम्ही बसून राहिलात, तर तुम्ही पहिल्या गटातच राहाल, आणि आयुष्यात कधी ना कधी तुम्हाला बस पकडायला धावावे लागेल, गॅसचा सिलिंडर उचलावा लागेल किंवा पाहुण्यांबरोबर बडोद्याजवळचा पावागड डोंगर चढावा लागेल.

पावागडाचा उल्लेख मी सहज केलेला नाही. बडोदे सपाट आहे. येथे वर्षानुवर्षे चालणाऱ्या माणसाच्या पायाखाली चढ म्हणून येत नाही. तो माणूस स्वतःला चालण्यात पक्का समजतो आणि एखाद्या वर्षी चैत्री नवरात्रात, बेचाळीस अंशांच्या उन्हात, उपाशीपोटी माताजीच्या दर्शनाला पायऱ्या चढू लागतो. रोपवेने गेले तरी वरच्या टोकाच्या पायऱ्या उरतातच. छातीत भरून आले म्हणून तेथून थेट माझ्याकडे आणलेली माणसे मी पाहिली आहेत. त्यांना चालणे ठाऊक होते, चढणे ठाऊक नव्हते.

म्हणून कमाटीबागेतला अर्धा तास पुरेसा आहे का, या प्रश्नाचे माझे उत्तर असे की सुरुवात म्हणून तो उत्तम आहे, पण मुक्काम म्हणून अपुरा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनात प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस श्रमाची, आणि शिवाय दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम असे प्रमाण सांगितले आहे. अर्धा तास पाच दिवस म्हणजे तुम्ही या पट्ट्याच्या खालच्या कडेला पोहोचता, तेही तो अर्धा तास खरोखर मध्यम श्रमाचा असेल तर. बागेत सकाळी मी जे पाहतो त्यात पुष्कळांचे चालणे म्हणजे चौघांनी एका ओळीत, राजकारणावर बोलत, रमतगमत टाकलेल्या दोन फेऱ्या असतात, आणि त्यानंतर बाहेर सेव उसळ. त्या मैत्रीचा मनाला नक्कीच लाभ होतो आणि तो मी कमी लेखत नाही. पण हृदयाला त्यातून काम मिळत नाही. खूण सोपी आहे. चालताना तुम्ही पूर्ण वाक्य बोलू शकता, पण गाणे म्हणू शकत नाही, इतका वेग म्हणजे मध्यम श्रम. तीन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर श्रम जोरकस झाले. आकड्यांत हवे असेल तर २२० मधून वय वजा करा. तुमच्यासाठी १७२ येतात, त्यांच्या ६४ ते ७६ टक्के म्हणजे ११० ते १३० हा मध्यम श्रमाचा टप्पा. हे सूत्र ढोबळ आहे. रक्तदाबासाठी नाडी संथ ठेवणारी बीटा ब्लॉकरची गोळी चालू असेल तर ते लागू पडत नाही, तेव्हा बोलण्याची खूणच धरावी. रोजच्या दहा हजार पावलांचा आकडाही मनाला लावून घेऊ नये, त्याच्या बऱ्याच खालीच फायदा सुरू होतो.

मी तुमच्यासारख्या माणसाला साधारण असा क्रम देतो. पहिले सहा आठवडे फक्त चालणे, आठवड्यातले पाच दिवस, वीस मिनिटांपासून सुरू करून चाळीस मिनिटांपर्यंत, बोलता येईल अशा वेगाने. या काळात वेग वाढवण्याचा मोह आवरायचा आणि काळ वाढवायचा. पुढच्या सहा आठवड्यांत याच चालण्यात दोन-दोन मिनिटांचे झपाट्याचे तुकडे घालायचे, आठवड्यातून दोन दिवस ताकदीचे व्यायाम जोडायचे, आणि घराचे किंवा कचेरीचे जिने चढायला लागायचे. चौथ्या महिन्यापासून आठवड्यातला एकच दिवस जोरकस श्रमाचा ठेवायचा. डॅलसच्या त्या मंडळींनी चार मिनिटे अगदी जोराचे श्रम, मग तीन मिनिटे हळू, असे चार वेळा, हा प्रकार वापरला होता. एवढ्या जोराचे काम माझ्या रुग्णांना मी तपासणीनंतरच सांगतो आणि दोन-दोन मिनिटांपासून चढवत नेतो. एक दिवस तासभराचा, आवडीच्या कामाचा असावा. सायकल, पोहणे, बॅडमिंटन, काहीही चालेल. एखादा आठवडा तापाने किंवा प्रवासाने बुडाला, तर परतल्यावर जेथे सोडले तेथून नव्हे, तर दोन पायऱ्या खालून सुरू करावे. ताप असताना आणि उतरल्यावरचे काही दिवस व्यायाम बंदच ठेवावा.

जिमला ना नाही. पण वजन उचलताना श्वास रोखून धरला की त्या काही क्षणांत रक्तदाब झपाट्याने चढतो. वजन उचलताना श्वास सोडायचा, खाली आणताना घ्यायचा, आणि दहा-बारा वेळा सहज उचलता येईल एवढेच वजन घ्यायचे. शेजारचा पंचविशीतला मुलगा किती उचलतो, याच्याशी तुमचा संबंध नाही. सूर्यनमस्कारांविषयी आपल्या लोकांत मोठी आस्था आहे. दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या या शहरात ती असणारच, आणि मलाही आहे. लागोपाठ, थोड्या गतीने घातलेल्या नमस्कारांनी नाडी चांगली वाढते आणि अंगही मोकळे होते. संथ, थांबत-थांबत घातलेले बारा नमस्कार मात्र लवचीकतेचे आणि चित्तशांतीचे काम करतात. त्यांनी चालण्याची जागा भरून निघत नाही.

व्यायामाच्या आधी आणि नंतर पाच-सात मिनिटे हळू चालण्याचा नियम लोक सर्रास मोडतात. जोरात धावून एकदम थांबलात, तर पायांतल्या रुंदावलेल्या वाहिन्यांत रक्त साचते, मेंदूकडे आणि हृदयाकडे परतणारे रक्त घटते, दाब पडतो, चक्कर येते. ट्रेडमिलची तपासणी करताना आम्ही पट्टा एकदम थांबवत नाही, तो याच कारणाने. त्या तपासणीत माझे लक्ष सर्वांत जास्त असते ते श्रम थांबल्यानंतरच्या पहिल्या मिनिटाकडे. मशीनवर नाडीचा आकडा उतरताना दिसत असतो. सरावलेल्या माणसाचा तो भराभर २०-२५ ने उतरतो. पहिल्या मिनिटात १२ ठोकेही उतरले नाहीत, तर ईसीजीचा, म्हणजे हृदयाच्या विद्युत कामाचा, आलेख निर्दोष असला तरी मी त्या माणसाला तसाच घरी पाठवत नाही, समोर बसवून सविस्तर बोलतो. हीच गोष्ट तुम्ही घरी मनगटावर बोट ठेवून पाहू शकता, आणि तीन-चार महिन्यांनी हा आकडा सुधारलेला दिसला की कोणत्याही भाषणापेक्षा त्याने अधिक हुरूप येतो.

सुरू करण्यापूर्वी कोणत्या तपासण्या कराव्यात? नुसते चालायला लागण्यासाठी, काहीच त्रास नसलेल्या माणसाला, कसलीही तपासणी लागत नाही. उद्या सकाळी निघा. पण तुमच्या बाबतीत वडिलांचा झटका ५५ च्या आतला आहे, आणि पित्याचा किंवा भावाचा ५५ च्या आतला, आईचा किंवा बहिणीचा ६५ च्या आतला हृदयविकार आम्ही ठळक धोका म्हणून मोजतो. शिवाय दाब आणि साखर दोन्ही कडेवर आहेत. तेव्हा जोरकस व्यायामाकडे वळण्याआधी घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजलेला रक्तदाब, उपाशीपोटी कोलेस्टेरॉल, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), ईसीजी, आणि आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन ए (आनुवंशिकतेने ठरणारा कोलेस्टेरॉलचा एक प्रकार), एवढे घेऊन तुमच्या डॉक्टरांना भेटा. ट्रेडमिल करायची की नाही, ते ठरवतील. ती चांगली आली म्हणजे अभयपत्र मिळाले असे मानू नका. ती तपासणी प्रामुख्याने वाहिनी बरीच, साधारण ७० टक्क्यांच्या पुढे, अरुंद झालेली असेल तेव्हा बोलते, आणि झटका पुष्कळदा त्याहून लहान, पण फुटणाऱ्या थरामुळे येतो.

म्हणूनच शरीर जे सांगते ते ऐकणे हे सर्व यंत्रांहून महत्त्वाचे आहे. माझ्याकडे आलेले एक बँक अधिकारी काळ्या घोड्याजवळच्या दारातून कमाटीबागेत शिरत आणि बँडस्टँडपर्यंत पोहोचेतो त्यांच्या छातीवर कोणी तळहात दाबून धरल्यासारखे होई. ते थांबत, बाकावर बसत, दोन मिनिटांत सगळे निवळे, आणि मग उरलेली फेरी निर्वेध होई. तीन आठवडे त्यांनी याला गॅस म्हटले आणि जिऱ्याच्या पाण्यापासून ॲसिडिटीच्या गोळ्यांपर्यंत सगळे केले. मी त्यांना एवढेच विचारले की हा गॅस घरी सोफ्यावर बसल्यावर कधी होतो का. ते गप्प झाले. अँजिओग्राफीत, म्हणजे हृदयाच्या वाहिन्यांच्या चित्रणात, डाव्या बाजूची मुख्य उतरती वाहिनी ९० टक्के बंद निघाली. चालल्यावर येणारा आणि थांबल्यावर जाणारा त्रास, मग तो छातीत असो, जबड्यात, डाव्या हातात, पाठीच्या वरच्या भागात किंवा नुसता अवेळी लागलेला दम असो, तो पोटाचा आहे असे सिद्ध होईपर्यंत हृदयाचाच समजावा. मधुमेह असलेल्यांत दुखणे अजिबात नसूनही आजार असू शकतो. त्यांच्यात काल सहज चढलेल्या जिन्याला आज दम लागणे हीच खूण. थांबूनही त्रास ओसरला नाही, घाम फुटला, तर स्वतः स्कूटरवर दवाखाना गाठायचा नाही, १०८ ला फोन करायचा.

गरब्याबद्दल. २०२३ च्या नवरात्रात गुजरातेत गरबा खेळताना माणसे कोसळल्याच्या बातम्यांनी सगळेच हबकले होते आणि तुमच्या घरच्यांची भीती त्यातूनही आली असावी. गरबा हा उत्तम व्यायाम आहे, पण हलका नाही. लय चढत जाते, रिंगणातून मध्येच बाहेर पडणे अवघड वाटते, वर दिवसभराची कचेरी, नऊ दिवसांचे उपवास, कमी पाणी आणि मध्यरात्रीपर्यंतचे जागरण. वर्षभर बसून राहिलेल्या माणसाला ही रात्र म्हणजे त्या १०७ पटींच्या गटातली रात्र आहे. तुमची नवरात्राच्या आधी तीन-चार महिन्यांची तयारी झाली असेल, तपासण्या ठीक असतील, तर अवश्य खेळा. नऊही दिवस खेळलेच पाहिजे असे नाही, एक दिवसाआड खेळा. सुरुवातीची दहा मिनिटे बाहेरच्या संथ रिंगणात राहा, लय चढली की बोलण्याची खूण तपासा, दर वीस मिनिटांनी बाहेर येऊन पाणी प्या, आणि उपास असेल तर निदान फळ आणि ताक घेऊन मगच मैदानावर जा. तयारी झाली नसेल तर यंदा दोन-तीन संथ फेऱ्यांवर समाधान माना. तुमच्या मंडळातल्या चार जणांनी छातीवर दाब देण्याचे प्रशिक्षण घेतले तर मला फार आनंद होईल. माणूस कोसळला, हाक मारून प्रतिसाद नाही, श्वास नीट चालत नाही, तर १०८ ला कळवून छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० या गतीने, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहायचे, रुग्णवाहिका येईपर्यंत. हातरुमालाने वारा घालण्यात आणि कांदा हुंगवण्यात जी मिनिटे जातात, ती पुन्हा मिळत नाहीत.

खूप व्यायामानेही अपाय होतो का, असे काही जण विचारतात. वर्षानुवर्षे मॅरेथॉनसारखे अतिश्रम करणाऱ्यांत हृदयाची लय बिघडण्याचा एक प्रकार थोडा अधिक दिसतो, हे खरे आहे. पण आठवड्याला चार-पाच तासांच्या व्यायामाचा आणि त्या प्रश्नाचा संबंध नाही, त्यामुळे तुम्ही त्याची काळजी करू नये. त्यापेक्षा तंबाखूचा मावा किंवा सिगारेट चालू असेल तर ती आजच सोडा, तिचे नुकसान कोणत्याही चालण्याने भरून निघत नाही.

तुमच्या पत्नीला हे सगळे लागू आहे, आणि काही बाबतींत अधिक लागू आहे. पाळी जाईपर्यंत स्त्रियांना हृदयविकारापासून काहीसे संरक्षण असते, पाळी गेल्यानंतर ते ओसरते, आणि तेव्हाच रक्तदाब व कोलेस्टेरॉल वर सरकू लागतात. पंचेचाळिसाव्या वर्षी व्यायाम सुरू केला तर या बदलाला शरीर तयार असताना तोंड देता येते, आणि ताकदीच्या व्यायामाने हाडांचीही राखण होते. दिवसभर घरकामात उभी असते, म्हणजे तिचा व्यायाम होतोच, असे गृहीत धरू नका. घरकामाने थकवा येतो, पण नाडी सलग वीस-तीस मिनिटे वर राहत नाही. स्त्रियांत त्रासाची लक्षणेही पुष्कळदा छातीतल्या ठसठशीत कळेऐवजी दम, मळमळ, पाठ किंवा जबडा भरून येणे, असामान्य थकवा अशी येतात, आणि घरातली सगळी ती कामाच्या दगदगीवर ढकलतात, ती स्वतःसुद्धा. गरोदरपणात त्यांना रक्तदाब वाढण्याचा किंवा साखर वाढण्याचा त्रास झाला होता का, हे त्यांना विचारा. बाळंतपणानंतर ते बरे झाले म्हणून बहुतेक जणी विसरून जातात, पण पुढे हृदयविकाराचा धोका त्यामुळे वाढलेला राहतो आणि डॉक्टरांना ते कळायला हवे. तुमच्या रक्ताच्या तपासण्या ज्या दिवशी कराल, त्याच दिवशी त्यांच्याही करून घ्या, आणि सकाळचे चालणे दोघांनी मिळून सुरू करा, फक्त वेग ज्याचा त्याने आपापल्या श्वासाप्रमाणे ठेवावा.